ठोकणारा ड्राइव्ह

(पडदा काळा. आधी फक्त आवाज: ठक-ठक-ठक-ठक. मग लाल दिवा.)

कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरला जोडलेला हा १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह. डिस्क वाचता आली नाही की तो असा ठोकतो. आत काहीतरी आपटतंय असं वाटतं, आणि खरंच आपटत असतं.

(वरचं झाकण निघतं. बोर्ड दिसतो.)

झाकणाला हात लावण्याआधी प्लग भिंतीतून काढलेला आहे. या मॉडेलमध्ये ट्रान्सफॉर्मर डब्यातच बसवलाय, म्हणजे मुख्य लाइनची वीज थेट आत येते. ड्राइव्ह एवढा तापतो तोही त्यामुळेच.

(चिपांवरून कॅमेरा सावकाश सरकतो.)

या बोर्डावर जरा थांबू. ही ६५०२, प्रोसेसर. या दोन ६५२२, बाहेरशी देवाणघेवाण करणाऱ्या चिपा. सोबत १६ किलोबाइट रॉम आणि २ किलोबाइट रॅम. म्हणजे हा ड्राइव्ह स्वतःच एक कॉम्प्युटर आहे. कमोडोर ६४ फक्त फाइलचं नाव सांगतो. ती डिस्कवर कुठे आहे, वाचणारं हेड कुठल्या ट्रॅकवर, म्हणजे डिस्कवरच्या कुठल्या गोल पट्टीवर न्यायचं, वाचलेलं बरोबर आहे का, हे सगळं इथे ठरतं.

एवढं असूनही तो इतका हळू का? त्याची गोष्ट आधीच्या मशीनपासून सुरू होते. व्हिक-२० मध्ये ६५२२ चिपने अख्खा बाइट आपला आपण केबलवर ढकलावा असा बेत होता. चिपच्या त्याच भागात दोष निघाला, मग एकेक बिट प्रोग्रॅमने पाठवायची वेळ आली. त्या मशीनचा ड्राइव्ह होता १५४०. १९८२ साली कमोडोर ६४ आला. त्याची व्हिडिओ चिप पडदा रंगवताना प्रोसेसरला मधूनमधून थांबवते, त्यामुळे केबलवरची बोलणी आणखी संथ करावी लागली. तो संथ केलेला ड्राइव्ह म्हणजे १५४१. सेकंदाला साधारण ४०० बाइट. बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी मोकळी असलेली ३८ हजार बाइट भरायला दीड मिनिटाच्या वर लागतं. तेव्हा नुसता हळू चालतो म्हणून कुणी ड्राइव्ह उघडू नये. तो जन्मजात तसाच आहे.

(ड्राइव्ह चालू होतो. मोटर क्षणभर फिरते. लाल दिवा लागतो, विझतो.)

हे बघा. चालू केल्यावर मोटर थोडी फिरली, लाल दिवा लागला आणि विझला. प्रोसेसर, रॉम आणि रॅम जाग्यावर आहेत. मोटर फिरतच राहिली आणि दिवा विझलाच नाही, तर दुखणं बोर्डात असतं. इथे तसं नाही.

(निळ्या पडद्यावर टाइप होणारा छोटा प्रोग्रॅम.)

दिवा लुकलुकायला लागला की ड्राइव्हकडे काहीतरी सांगायचं असतं, पण ते पडद्यावर आपोआप येत नाही. विचारावं लागतं. १५ नंबरचा चॅनल उघडायचा आणि वाचायचा. ओळ नंबर देऊन प्रोग्रॅम म्हणूनच लिहायचं, नुसती आज्ञा टाइप केली तर कॉम्प्युटर ऐकत नाही.

उत्तर आलं: २१. सिंकची, म्हणजे मजकूर कुठे सुरू होतो ती खूण सापडली नाही. डिस्क नीट बसलेली नसेल, फॉरमॅट केलेली नसेल, हेड मळलं असेल किंवा हेड ट्रॅकवरून सरकलं असेल. २३ आलं असतं तर ड्राइव्ह त्या सेक्टरपर्यंत, म्हणजे ट्रॅकच्या त्या तुकड्यापर्यंत पोचला, पण आतला मजकूर बिघडलेला निघाला. या दोन आकड्यांत फार अंतर आहे, आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ते माहीत असावं.

(कापसाची काडी हेडवरून फिरते. काडीवर तपकिरी डाग.)

पहिला उपाय हाच. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, हलका हात. डिस्कवरचा ऑक्साइडचा थर झिजून हेडवर बसतो. बुरशी लागलेली एक डिस्क आत गेली तरी पुरे, ती हेड मळवते, आणि मळलेलं हेड पुढच्या चांगल्या डिस्कवर चरे पाडतं. वरच्या दांडीला जी छोटी गादी आहे ती डिस्क हेडवर दाबून धरते. ती झिजली किंवा निघून पडली असेल तर कितीही पुसा, वाचन लंगडंच राहणार.

हेड ज्या दांड्यांवरून सरकतं त्या पुसून तेलाचा अगदी बारीक हात. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं.

(ड्राइव्ह उलटा. पट्टा आणि जड चाक. चाकावरच्या रेघा ट्यूबलाइटखाली जवळजवळ स्थिर दिसतात.)

हे दृश्य पाहण्यासारखं आहे. चाकावर रेघांची दोन वर्तुळं आहेत, एक ५० हर्ट्झच्या विजेसाठी, एक ६० साठी. मिनिटाला ३०० फेरे बरोबर असतील तर आपल्या विजेच्या वर्तुळातल्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. पुढे किंवा मागे सरकत असतील तर वेग चुकतोय. जुन्या चोकच्या ट्यूबखाली हे नीट दिसतं, एलईडीखाली बहुतेक वेळा दिसत नाही. इथे रेघा किंचित मागे जातायत. पट्टा ढिला आहे. नवा पट्टा, वेग ठरवणाऱ्या छोट्या पॉटला जरासा पीळ, आणि रेघा उभ्या.

(पुन्हा ठक-ठक-ठक-ठक. या वेळी हेड जवळून.)

आता या आवाजाकडे येऊ. हेड अगदी बाहेरच्या ट्रॅकवर पोचलंय हे कळायला बऱ्याच ड्राइव्हमध्ये एक सेन्सर असतो. १५४१ मध्ये तो नाही. मग हेड कुठे आहे हे कळेनासं झालं की ड्राइव्ह त्याला बाहेरच्या बाजूला ढकलत राहतो. हेड अडणीवर आपटतं, हेड सरकवणारी स्टेपर मोटर तरी ढकलते, पुन्हा आपटतं. फॉरमॅट करताना हे होतंच. शिवाय काही गेमच्या डिस्कांवर नक्कल रोखण्यासाठी मुद्दाम चुका लिहिलेल्या असत, त्या वाचताना दर वेळी हेच. वर्षानुवर्षं असं आपटून मोटरच्या दांड्यावर दाबून बसवलेला भाग केसभर सरकतो. ३५ ट्रॅक इतके दाटीने बसलेत की केसभरही पुष्कळ झालं.

याची खूण फसवी आहे. सरकलेल्या हेडने लिहिलेली डिस्क त्याच ड्राइव्हवर सुरळीत चालते, कारण लिहिणारं आणि वाचणारं हेड दोन्ही सारखंच चुकलेलं. दुसऱ्या ड्राइव्हवर लिहिलेली डिस्क लावा, मग उघडं पडतं. म्हणून जुळणी तपासायला कारखान्यात लिहिलेली मूळ डिस्क लागते, घरची नाही.

(स्टेपर मोटरचे दोन स्क्रू, त्यांवर लाखेचा थेंब. लाख खरवडली जाते. पडद्यावर ट्रॅक नंबर आणि वाचनाचा निकाल.)

मोटरचे दोन स्क्रू सैल, पूर्ण काढायचे नाहीत. आधीच्या जागेची पेन्सिलने खूण. तपासणीचा प्रोग्रॅम एक ट्रॅक पुन्हा पुन्हा वाचत राहतो, आणि मोटर बोटाने हलवायची. हलवणं हा शब्दही जास्तच होतो, नुसता दाब द्यायचा. सुरुवात ट्रॅक १८ पासून, कारण डिस्कची यादी तिथे असते. मग अगदी बाहेरचा १, मग अगदी आतला ३५. तिन्हीकडे स्वच्छ वाचन आलं की स्क्रू आवळायचे आणि पुन्हा तपासायचं, कारण आवळताना मोटर हमखास थोडी फिरते. हे काम सगळ्यात शेवटचं. नेटवर लोक सुरुवातच इथून करतात आणि नुसतं हेड मळलेलं होतं तिथे जुळणीही घालवून बसतात.

(केबलला लावलेलं एसडी कार्डचं छोटं उपकरण.)

हाही मार्ग आहे. याच केबलला कार्ड लावलं की ड्राइव्हची गरजच उरत नाही. खेळायला उत्तम. पण कपाटातल्या ज्या डिस्का कुणी अजून वाचल्याच नाहीत, त्या कार्डावर आपोआप येत नाहीत. त्यांच्यासाठी फिरणारा, वाचणारा ड्राइव्हच लागतो. चुंबकीय थर दर वर्षी थोडा जातो. गेला की गेला.

(डिस्कच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद होते. डिस्क आत.)

आधी खाच बंद, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. खिडकीतून पृष्ठभाग पाहिला, धुरकट डाग नाहीत.

(यादी पडद्यावर सरकते.)

वाचली. ठोकणं नाही, २१ नाही. खालच्या ओळीत मोकळे ब्लॉक, म्हणजे डिस्कवर उरलेली जागा. कोऱ्या डिस्कवर ते ६६४ असतात, इथे बरेच कमी आहेत, म्हणजे भरपूर काही लिहिलेलं आहे. या ड्राइव्हला हेड एकच. डिस्कच्या विरुद्ध कडेलाही खाच कापलेली दिसतेय, म्हणजे मालकाने दुसरी बाजूही वापरली असणार. तीही खाच बंद करायची आणि डिस्क उलटी घालायची.