कापसाचा बोळा आधी घरात काढायचा

मंडळी, स्टीलचा चमचा कडप्प्याच्या ओट्यावर पडतो तेव्हा आवाज जेमतेम पाव सेकंद टिकतो. आपलं तिकडे लक्षही जात नाही. पण ज्याला हायपरॲक्युसिस आहे, म्हणजे साधे आवाजही असह्य वाटण्याचा त्रास आहे, तो त्या क्षणी दोन्ही हात कानांवर नेतो, खांदे आखडतो, आणि पुढचा तासभर कानात ठणका घेऊन बसतो. ‘नाटक करतोय’ असं घरच्यांना वाटतं. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं. हा त्रास खरा असतो, आणि तो कमीही करता येतो.

आधी आत काय होतं ते पाहू. कानाकडून मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण झाला, की मेंदू आपल्या बाजूने, रेडिओचं बटण फिरवावं तशी, आवाजाची कळ वाढवतो, असं मानलं जातं. त्यामागे कधी मोठ्या आवाजाने झालेली इजा असते, कधी डोक्याला लागलेला मार, कधी कानाचं आजारपण. ही वाढलेली कळ पुष्कळदा तशीच राहते. मग ६० डेसिबलचं साधं बोलणं कर्कश्श वाटतं आणि ताटांचा खणखणाट असह्य होतो. अशा वेळी माणूस कानात कापसाचे बोळे घालतो, खिडक्या लावून घेतो, हळूहळू फोनवर बोलणंही सोडतो. दुर्दैवाने त्यामुळे आत जाणारा आवाज आणखी कमी होतो आणि कळ आणखी चढते.

क्रेग फॉर्मबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेत हेच प्रयोगाने दाखवलं. नीट ऐकू येणाऱ्या लोकांनी दोन आठवडे कानात इअरप्लग ठेवले, तेव्हा तेच आवाज त्यांना आधीपेक्षा मोठे वाटू लागले. दोन आठवडे कानाशी बारीक, एकसारखा आवाज चालू ठेवला, तेव्हा उलट झालं. पुढचं सगळं याच पायावर उभं आहे.

घरी काही सुरू करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ) यांच्याकडे जायलाच हवं. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडून त्याच कानाला आवाज खुपत असेल, तर बेल्स पाल्सीची, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या लकव्याची, शंका घ्यावी. कानातल्या हाडाला आवरून धरणाऱ्या चिमुकल्या स्नायूची नस चेहऱ्याच्याच नसेतून येते. त्यात स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू झालेलं बरं, म्हणून थांबू नये. स्वतःच्या डोळ्यांच्या हालचालीचा किंवा पावलांचा आवाज कानात ऐकू येत असेल, सोबत चक्कर असेल, तर आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड विरळ झालेलं असू शकतं. एकाच कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तपासणीत ऑडिओलॉजिस्ट हळूहळू आवाज वाढवत ‘आता नको’ म्हणायला सांगतात. ही पातळी साधारणपणे ९० ते १०० डेसिबलच्या आसपास असते. ती ७०च्या घरात किंवा त्याखाली आली की हायपरॲक्युसिसचा विचार होतो. आपल्याला आवाज खुपतात हे खुर्चीत बसण्याआधीच सांगा. कानातल्या स्नायूंच्या प्रतिक्षेपाची (आवाजाने ते आपोआप आखडतात का याची) चाचणी १०० डेसिबलच्या आसपासचे स्वर कानात सोडते. ती पुढे ढकलता येते किंवा टाळता येते.

आता मुख्य काम. पहिला नियम असा, की इअरप्लग, बोळे किंवा आवाज रोखणारे हेडफोन शांत घरात वापरायचे नाहीत. पण दिवसभर घालणाऱ्याने ते एकाएकी काढून फेकू नयेत, त्याने त्रास भडकतो. रोज दहा तास घालत असाल, तर या आठवड्यात नऊ तास, पुढच्या आठवड्यात आठ. प्लगविना पहिला तास घरातल्या सगळ्यात निवांत वेळेचा निवडा, दुपारी दोन ते तीन असा. फोमचे प्लग नीट बसले तर बराच आवाज अडवतात. त्यांच्याऐवजी संगीतकार वापरतात तसे ९ किंवा १५ डेसिबल कमी करणारे फिल्टरचे प्लग मधल्या काळात सोयीचे. ड्रिल, फटाके, बँड इथे मात्र प्लग घालायचेच. ते सर्वांनीच घालावेत.

दुसरं काम, घरात आवाजाची एक पातळ चादर अंथरणं. स्पीकरवर पिंक नॉइज, म्हणजे एकसारखा, मऊ सुसाट्यासारखा आवाज, लावा. व्हाइट नॉइजपेक्षा (रेडिओच्या खरखरीसारख्या आवाजापेक्षा) त्यात तीव्र, उंच स्वर कमी असतात, म्हणून तो मऊ लागतो. आवाज इतका, की ऐकू यावा पण दहा मिनिटांत विसरायलाही व्हावा. सुरुवातीला इअरफोन नको. स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. पहिल्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ १५-१५ मिनिटं. मग तीन-चार दिवसांनी दहा मिनिटं वाढवा आणि काही तासांपर्यंत जा. आधी वेळ वाढवायचा, आवाज नंतर. पुष्कळ जण उलट करतात. चार दिवस बरे गेले की आवाज चढवतात आणि पाचव्या दिवशी आडवे होतात. लाटा, पक्षी, पाऊस यांच्या ध्वनिफिती सुरुवातीला टाळा, कारण त्यात मधूनच उसळी येते. टिकटिकणारा पंखाही नको.

तिसरं काम खरं कष्टाचं. खुपणाऱ्या आवाजांची शिडी करायची. चमच्याचीच घेऊ. पहिल्या पायरीवर चमचा लाकडी पाटावर हळूच ठेवायचा, स्वतःच्या हाताने. दुसऱ्या पायरीवर नॅपकिन अंथरून त्यावर स्टीलचं ताट, ताटात चमचा. मग नॅपकिन काढायचा. मग तोच आवाज घरच्या माणसाने काढायचा, पण सांगून. शेवटी न सांगता. स्वतः काढलेला आवाज सोपा वाटतो, कारण तो कधी येणार हे मेंदूला ठाऊक असतं. मिक्सरसाठी सुरुवात दाराबाहेरून: दार बंद, सगळ्यात कमी वेग, पाच सेकंद. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. फरशी आणि टाइल्सच्या स्वयंपाकघरात मात्र तो भिंतींवरून परततो, म्हणून तिथे नुसतं मागे सरून भागत नाही. दाराआड उभं राहणं जास्त उपयोगाचं. कुकरची शिट्टी सगळ्यात शेवटी घ्या. ती तीव्र असते आणि कधी वाजेल याचा नेम नसतो.

प्रत्येक पायरीला त्रासाचे शून्य ते दहा गुण द्या. तीनच्या वर गेलं तर पायरी मोठी झाली. तीनच्या आत राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही कान शांत असेल, असे पाच दिवस गेले की वर चढा. दुसऱ्या सकाळची अट विसरू नका. ज्यांना आवाजाने प्रत्यक्ष वेदना होतात, म्हणजे कानात जळजळ किंवा भोसकल्यासारखं होतं, त्यांचा त्रास अनेकदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उमटतो. या मंडळींनी शिडीचे टप्पे निम्मे करावेत, आणि प्रत्येक पावलाला दुखणं वाढत असेल तर थांबून तज्ज्ञांना विचारावं. ‘सहन कर, सवय होईल’ हा सल्ला त्यांना घातक ठरतो.

मध्येच एखादी रिक्षा कानाशी हॉर्न वाजवून जाते आणि दोन महिन्यांची कमाई गेली असं वाटतं. बहुतेकदा ती गेलेली नसते. दोन-तीन दिवस आराम करा, शिडीवर दोन पायऱ्या खाली या, पण आवाजाची चादर काढू नका. पुन्हा अंधाऱ्या, मुक्या खोलीत जाऊन बसणं हीच मोठी चूक. दुसरी चूक म्हणजे रोज स्वतःची परीक्षा घेणं: ‘बघू तरी, आज लग्नाच्या हॉलमध्ये किती वेळ टिकतो.’ तिसरी, मोबाइलवर डेसिबलचं ॲप सतत उघडून बसणं. आठवड्यातून एकदा घरातले आकडे पाहिले तर पुरे. एरवी मन आवाजाच्या पाळतीवर राहतं, आणि पाळतीवरच्या मेंदूला प्रत्येक आवाज मोठाच वाटतो. भीती फार असेल, झोप उडाली असेल, तर कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याची उपचारपद्धती) करणाऱ्या मानसोपचारकांची जोड घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

घरच्यांना दोन विनंत्या. कुजबुजत बोलू नका, नेहमीच्याच आवाजात, थोडं सावकाश बोला. आणि भांड्यांच्या रॅकमध्ये रबरी मॅट घाला, खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या लावा. आदळआपट कमी करणं म्हणजे लाड करणं नव्हे. शिडीबाहेरचे अवचित धक्के जितके कमी, तितका माणूस लवकर वर चढतो.

किती दिवस लागतील, असं विचाराल. सहा महिने ते दीड वर्ष धरून चाला. पहिले सहा-आठ आठवडे काहीच बदललं नाही असं वाटेल.

गणपतीत काय करायचं, हा प्रश्न समोरून आलाच आहे. ढोल-ताशाचं पथक जवळून १०० डेसिबल सहज ओलांडतं, आणि ही शिडीची पायरी नव्हे. घरची आरती चालेल, पण झांज आणि घंटा दुसऱ्या खोलीत. मिरवणूक गच्चीवरून, प्लग घालून, पाच मिनिटं. आत आल्यावर प्लग काढायचे, लगेच.