वालधुनीच्या तळाशी

हे पाणी बघा. छान दिसतंय ना? हे अंबरनाथजवळ काकोळे गावातलं जीआयपी धरण, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, नावातच जुनी रेल्वे कंपनी आहे. आणि आज आपण ट्रेनमध्ये जी रेल नीरची बाटली घेतो ना, तिच्या अंबरनाथ प्लांटला पाणी इथूनच जातं. म्हणजे वालधुनी नदी सुरू होते तेव्हा तिचं पाणी बाटलीत भरून विकतात.

आता खाली चला. हे शिवमंदिर, शिलाहारांच्या काळातलं, 1060 सालचं. देऊळ नदीकाठी बांधलेलं, पण आज इथे कुणाला नदी कुठेय विचारलं तर तो म्हणेल, नदी? तो नाला होय!

पुढे उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, मग खाडी. 2014 च्या नोव्हेंबरअखेर पहाटे कुणीतरी याच नदीत टँकरभर केमिकल सोडलं, उल्हासनगरात लोकांचा श्वास कोंडला, शेकडो जण हॉस्पिटलात. तेव्हा बातमी झाली कारण वास आला. जड धातूंना वासच नसतो हो, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, गपचूप येतात आणि तळाला बसतात.

ही काठी गाळात खुपसली. वर आली ती काळी कुळकुळीत, हाताला लोण्यासारखं गुळगुळीत लागतं, पण हातमोजे घातलेत, काळजी नको. सांडपाण्यातली घाण जंतू खातात, कुजते, संपते. धातू कुजत नाही, बारीक गाळाला चिकटून वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि वरून कुणी ॲसिड सोडलं की सुटून परत पाण्यात येतो. म्हणून नुसतं बाटलीत पाणी भरून लॅबला पाठवलं, तेही पावसाळ्यात, तर रिपोर्ट बरा येऊ शकतो, गाळ तसाच.

हा धातू येतो कुठून? आता नळाची चकाकी घ्या, वर क्रोम, खाली निकेल. हा मुलामा चढवणं, म्हणजे प्लेटिंग, झालं की माल पाण्यात बुचकळून धुतात, ते धुवण हिरवट पिवळं असतं. ते सोडायच्या आधी विषारी क्रोमियमचा जोर केमिकल टाकून कमी करायचा, मग चुना टाकून तो खाली बसवायचा, आणि जो चिखल उरतो तो घातक कचऱ्याच्या साईटवर पाठवायचा, इतकं सरळ आहे, धंद्यातल्या सगळ्यांना माहितीये. पण त्याला पैसे लागतात, आणि रात्री नाल्यावर पाईप सोडायला काही लागत नाही.

बरं, नाल्याच्या पाण्यावर रुळांच्या कडेला पालक, माठ पिकवलेले मुंबईकराने लोकलच्या खिडकीतूनच पाहिलेत. पालेभाजी कॅडमियम चांगलाच ओढून घेते, आणि कितीही धुतली तरी तो आत असतो.

मे महिना आला की नालेसफाई. जेसीबी गाळ उपसतो, काठावर ढीग लावतो, सुकला की उचलू म्हणतात. मग एखाद्या रात्री पहिला पाऊस येतो आणि अर्धा ढीग घसरून परत पाण्यात.