खोलीभाड्यात बुडालेली सिस्टर

मुलींनो, आणि मागच्या बाकावरच्या चार मुलांनो, नर्स असून मी एमबीएची डिग्री का घेतली ते नंतर सांगते, आधी बिल. अमेरिकेत हॉस्पिटलच्या बिलात औषधं, एक्स-रे, सर्जनची फी सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं. नर्सिंगची ओळ मात्र सहसा सापडत नाही. ती खोलीभाड्यात जाते. पलंग, चादर, वीज आणि मी! आपल्याकडच्या खासगी हॉस्पिटलांत निदान ‘नर्सिंग चार्जेस’ लिहितात. त्यातलं सिस्टरच्या हातात किती पडतं, ते विचारू नका.

मी अमेरिकेत नोकरीत असताना रात्रपाळीला एक सिस्टर वाढवून मागायला मीटिंगमध्ये गेले. पेशंट पडतात, बेडसोअर म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने जखमा होतात, मुली दमतात, सगळं सांगितलं. फायनान्सच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हे पैसे वसूल कसे होणार?’ मी गप्प. घरी येऊन खूप चडफडले. पण खरं सांगू, प्रश्न चुकीचा नव्हता.

उत्तर वॉर्डातच पडलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. त्याला दोघी लागतात. खालची चादर दोन्हीकडून धरून पेशंटला सरकवायचं, पाठीला उशी लावायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, माकडहाडापाशी कातडी लाल झालीय का ते बोटाने दाबून बघायचं. एक सिस्टर कमी असली की पहिली चुकते ती हीच फेरी. आणि १ ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्याने, हॉस्पिटलमध्येच झालेल्या तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या, म्हणजे खोल गेलेल्या, बेडसोअरसाठी जादा पैसे देणं बंद केलं. चुकलेल्या फेरीचा भुर्दंड हॉस्पिटलवर. हे मला पाठ होतं, फक्त रुपया-पैशांत, बरं, डॉलरांत, मांडता येत नव्हतं.

म्हणून डीएनपी, म्हणजे नर्सिंगच्या प्रत्यक्ष कामातली डॉक्टरेट, आणि एमबीए एकत्र. पीएचडीत नवं संशोधन करायचं. डीएनपीत झालेलं संशोधन वॉर्डात उतरवायचं. नर्सिंगच्या बीएस्सीनंतर प्रत्यक्ष कामाचे शेकडो तास लागतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये या दोन्ही पदव्यांचा जोड अभ्यासक्रम आहे. डीएनपीने मला नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांचा २००२ चा अभ्यास वाचायला शिकवलं: पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं, शस्त्रक्रियेचे पेशंट, एका नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. एमबीएने विचारलं, मग तुझ्या वॉर्डात याचे पैसे किती?

वर्गात सुरुवातीला ताळेबंद म्हणजे मला चिनी भाषा. शेजारी बँकेतला एक मुलगा बसायचा, तो समजावून सांगायचा. त्याला मात्र शेवटपर्यंत पटलं नाही की रिकामा झालेला पलंग लगेच ‘तयार’ नसतो.

मैत्रिणी म्हणाल्या, ‘आता तू साहेबलोकांतली झालीस.’ ही भीती अगदीच खोटी नाही. कोट चढवला की वॉर्डाची वाट विसरलेल्या दोघी-तिघी मी पाहिल्यात.

पुन्हा त्याच साहेबांसमोर गेले. या वेळी हातात एकच कागद: वर्षभरातले बेडसोअर, त्यांचा खर्च, एका सिस्टरचा पगार. त्यांनी माझा एक आकडा फुगवलेला म्हणून खोडला. बरोबरच खोडला. मग विचारलं, ‘पोस्ट कायमची हवी, की सहा महिन्यांची?’

मी म्हटलं, कायमची. मिळाली सहा महिन्यांची.