आक्का दुसऱ्यांचा टाका उसवायची

अध्यक्ष महोदय आणि एवढ्या पावसात इथवर आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'घरातल्या आजीची कला नोंदवायची कशी'. तिकडे मी येणारच आहे. पण आधी एक जुनं भांडण मिटवायचं राहिलंय. बाहेर पाऊस आहे, तुम्ही कुठे जाणार नाही, म्हणून आजच काढते.

आमची आक्का गेली तेव्हाची गोष्ट. आक्का म्हणजे वडिलांची आई. वाईच्या बाजूची. तिचे मुलगे, सुना, नातवंडं, पोस्टमन, सगळे तिला आक्काच म्हणायचे. थोरल्या काकांनी मला पेपरात श्रद्धांजली द्यायला पाठवलं, कारण काय, तर 'तुझं मराठी बरं आहे'. (मी शाळेत भूगोल शिकवायचे, पण ते असो.) पेपरचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्यापुढे एक फाइल सरकवली. मजकूर तयार होते, नुसतं नाव भरायचं. पुरुषांच्या पानांवर 'कर्तबगार', 'धडाडीचे', 'क्षेत्रात ठसा उमटवणारे'. बायकांच्या पानांवर 'प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ'. दर पानावर तेच. एका ठिकाणी तर 'मायेचा सागर' लिहून वर पेनाने 'महासागर' केलेलं. कुणीतरी जास्तीचे पैसे भरले असणार.

मी म्हटलं, "यातलं नको. असं लिहा, गोधड्या शिवणाऱ्या आणि ओव्या रचणाऱ्या." ते गृहस्थ सज्जन होते. चष्मा काढून म्हणाले, "ताई, श्रद्धांजलीत गोधड्या आल्या तर लोकांना वाटेल विकायला आहेत. मग तुम्हाला छोट्या जाहिरातींत जावं लागेल." मी वाद घातला. मागे रांग वाढली. एक आजोबा म्हणाले, "पोरी, लिही 'प्रेमळ' आणि सोड, माझीही तशीच होती." शेवटी छापून आलं, 'प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ'.

हसा, हसा. पण आता मला सांगा, आक्का मनमिळाऊ होती का? मुळीच नाही. आमच्याकडे गोधडी घातली की आळीतल्या बायका दुपारी ओट्यावर जमायच्या. खाली जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर थर, वर पुन्हा लुगडं. चारी बाजूंना चौघी बसायच्या आणि काठापासून आत आत धावदोरा घालत यायच्या. गप्पा, हसणं, एखादीच्या सासूचा उद्धार. आक्का गप्प. तिची नजर सगळ्यांच्या सुयांवर. बायका घरी गेल्या की ही कंदील घेऊन बसायची आणि ज्यांचे टाके लांब पडलेत ते उसवून पुन्हा घालायची! दुसऱ्या दिवशी त्या बाईला कळायचंच. मग चार दिवस अबोला.

तेराव्याला घरात भाषणं झाली. एक म्हणाले अन्नपूर्णा, दुसरे म्हणाले त्यागमूर्ती. सरपंच आले होते, ते दोन्ही म्हणाले. मग शेजारच्या काकू उठल्या, आक्काबरोबर उभा जन्म शिवायला बसलेल्या. पदर सावरून म्हणाल्या, "आक्काचा टाका तांदळाएवढा. आमचा तिला पटला न्हाई कधी. माझा तर लई उसवला तिनं." आणि खाली बसल्या. अख्ख्या तेराव्यात कलावंताबद्दल कुणी बोललं असेल तर ते एवढंच.

माझं म्हणणं काय आहे ते आता सांगते, कारण संयोजकांनी मनगटाला हात लावलेला मला दिसला. आजी गेली की आपण तिची माया आठवतो आणि तिचं काम विसरतो. माया नव्हती असं मी म्हणत नाही. पण बारीक टाक्याचा हट्ट, निळ्याशेजारी पिवळा लावायचा नाही हा निवाडा, दुसरीचं उसवण्याइतका दुष्टपणा, हे सगळं 'प्रेमळ'च्या खाली गाडलं जातं. गायकाचा तऱ्हेवाईकपणा आपण किती कौतुकाने सांगतो! आजीचा सांगितला की 'गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये'.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण इथे सगळ्यांना ठाऊक आहे. 1880 चा जन्म, असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात गाणं सुचायचं आणि तोंडातून बाहेर पडायचं. 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्या आणि गाण्यांचं पुस्तक आलं 1952 साली, म्हणजे त्यांच्यामागे. आपण नेहमी कौतुक करतो ते आचार्य अत्र्यांचं, की त्यांनी हे सोनं ओळखलं, प्रस्तावना लिहिली. बरोबरच आहे. पण माझा पहिला नमस्कार बहिणाबाईंच्या मुलाला, सोपानदेवांना, आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांना. आई गातेय आणि आपण लिहून घ्यावं, हे त्यांना सुचलं. सोपानदेव स्वतः कवी. आईची बोली 'शुद्ध' करून टाकायचा मोह त्यांना झाला असता तर? आज जे आपल्या ओठांवर आहे ते उरलंच नसतं. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. निरक्षर बाईचं नाव विद्यापीठाला! त्या सगळ्याच्या मुळाशी घरातली वही आहे. जे त्या वहीत आलं नाही ते गेलं.

आणि सगळ्यांच्या घरी सोपानदेव नसतात. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओव्या बंद पडत चालल्या होत्या, तेव्हा. मला त्यात सगळ्यात आवडतं ते हे, की ओवीपाशी बाईचं नाव आणि गाव आहे. नुसतं 'लोकगीत, पारंपरिक' असं लिहून मोकळे झाले नाहीत. आक्काची एक ओवी मला अर्धीच आठवते. ती मी आज म्हणणार होते, पण चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' खाली दोन रेघा मारल्यात.

तर, छापलेला विषय. भराभर सांगते.

आजीला समोर बसवून मुलाखत घेऊ नका. ती 'त्यात काय सांगायचं' म्हणेल आणि तुम्हाला चहा देईल. हातात काम असताना विचारा. सुई चालू असेल तर जीभ चालते. ओवीचंही तसंच, नुसती 'म्हणून दाखव' म्हटलं तर आठवत नाही, जात्याचा खुंटा हातात दिला की येते. मोबाइल बाजूला चालू ठेवून द्या आणि जात्याची घरघर काढून टाकू नका, लय तिथेच आहे. एकच ओवी दोन वेळा वेगळी म्हटली तर दोन्ही उतरवा, खरी कुठली ते विचारत बसू नका. ती म्हणते तसंच लिहा. 'न्हाई'चं 'नाही' करू नका.

गोधडीबद्दल 'किती वेळ लागला' हे सगळेच विचारतात. 'हे लुगडं कुणाचं' हे विचारा. आमच्या एका गोधडीत आक्काच्या आईचं लुगडं आहे, हे मला काकूंनी सांगितलं, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते सुती पट्टीवर लिहून कोपऱ्यात टाचून ठेवा. नाव, गाव, साल, कुणासाठी शिवली. कागद हरवतो, पट्टी राहते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गोधडी कोंडू नका, ओल धरते. धुतलेल्या जुन्या सुती चादरीत गुंडाळा. घडीच घालायची तर मधूनमधून मोडून वेगळ्या जागी घाला, एकाच घडीवर कापड विरतं. फोटो काढाल तेव्हा मागच्या बाजूचाही काढा. वरून नक्षी दिसते, हात मागून कळतो.

आणि तिच्याबरोबर जी बसायची तिला विचारा. मुलांना नाही, मुलांना जेवण आठवतं. ज्या बाईचा टाका तिने उसवला असेल तिला गाठा. ती सगळं सांगेल, रागाने सांगेल.

तीन मुद्दे राहिले. अध्यक्ष महोदय उठलेच आहेत, म्हणजे प्रश्नोत्तरं बहुतेक आतमध्ये होणार नाहीत. मी बाहेर चहापाशी थांबते. आक्काची एक गोधडी पिशवीत आणलीय. हात स्वच्छ असतील त्यांनीच धरावी.