मृगाआधी कॅरॅव्हॅनची निगा

चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूरच्या पुढे एका शेतघराच्या आवारात, मोटारीमागे जोडून न्यायची ही कॅरॅव्हॅन उभी आहे. ताडोबाचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटनासाठी बंद असते. त्यामुळे पावसाळाभर हिचाही मुक्काम इथेच असतो.

कॅरॅव्हॅनच्या बहुतेक माहितीपुस्तिका थंड देशांत लिहिल्या गेल्याने पाणी गोठून पाइप फुटू नयेत, यावर त्यांत मोठा भर असतो. विदर्भात ती भीती नाही. इथे वाहनाचे नुकसान मे महिन्याचे ऊन करते आणि ते उघडकीस येते जुलैत. नवतपात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. छताचा पत्रा दिवसा प्रसरण पावतो, रात्री आकसतो आणि या ओढाताणीत सांध्यांवरचे सीलंट कडक होऊन त्याला बारीक चिरा पडतात. त्यांतून शिरलेले मृगाचे पाणी लगेच आत टपकत नाही. ते पत्रा आणि प्लायवूड यांच्यामधील लाकडी चौकटीत मुरते, आणि भिंतीवर डाग दिसेपर्यंत चौकट बहुधा कुजू लागलेली असते. म्हणून नवतपा सरताच शिडी लावून छताच्या कडा, झरोके आणि खिडक्यांच्या पट्ट्या बोटाने दाबून तपासाव्यात. जुने सीलंट खरवडून काढल्याशिवाय त्यावर नवे लावू नये. ताडपत्री घट्ट आवळून बांधण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, परंतु तिच्याखाली ओल कोंडून बुरशी धरते. त्यापेक्षा बाजूंनी मोकळी असलेली टिनाची शेड केव्हाही बरी.

जागा निवडतानाही काळ्या मातीचा विचार करावा लागतो. ही माती पाणी पिऊन फुगते, मऊ पडते आणि कॅरॅव्हॅनचे टेकू एका बाजूने खचतात. त्यामुळे खाली मुरूम दाबून त्यावर फरशी टाकावी. हँडब्रेक मात्र ओढून ठेवू नये, कारण दमट हवेत ब्रेक ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे पुरेसे होतात.

पाण्याची टाकी रिकामी करावी, सिलिंडरची जोडणी काढावी. लेड-ॲसिड बॅटरी उन्हाळ्यात वापराविनाही लवकर उतरते. तिची वायर सोडवून, व्होल्टेज १२.४ च्या खाली जाण्यापूर्वी ती पुन्हा चार्ज करावी.

ऑक्टोबरमध्ये निघण्यापूर्वी तळाचे झरोके पाहणे सर्वांत महत्त्वाचे. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याच वाटेने बाहेर पडतो आणि कुंभारमाशीला घरटे करायला नेमकी तीच भोके सोयीची वाटतात. टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी बाजूवरचे चार अंक वाचावेत: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. कॅरॅव्हॅनचे टायर झिजण्याआधीच उन्हाने म्हातारे होतात. पाच वर्षांनंतर ते बदलण्याचा विचार करावा आणि सात वर्षांपलीकडे वापरू नयेत. चाके उतरवली असल्यास पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा आवळावेत.