आधी पाखाडी चढा, मग नकाशा काढा

नमस्कार श्रोतेहो.

चिपळूणच्या बाजारपेठेत एखाद्या जुन्या दुकानदाराला पुराचं विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल, 2005ला पाणी इथवर आणि 22 जुलै 2021ला तिथवर. पाणी आधी कुठल्या बोळातून शिरलं, तेव्हा भरती होती की ओहोटी, सगळं त्याला तोंडपाठ असतं.

नंतर शहराच्या नकाशावर पूररेषा आल्या. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. शास्त्र म्हणून ते योग्यच आहे. पण त्या रेषांच्या आत बांधकामावर बंधनं येतात आणि तिथेच पिढ्यान्‌पिढ्यांची घरं आहेत. त्यांची दुरुस्ती कशी करायची, भावाभावांत वाटणी झाली तर वाढीव खोली कुठे बांधायची? लोकांनी हरकती घेतल्या. नदीतला गाळ काढा म्हणून उपोषणालाही बसले. रेषा आखण्याआधी त्यांच्यासोबत पेठमापपासून गोवळकोटपर्यंत पायी फिरलं असतं, तर बराच वाद टळला असता असं माझं मत आहे.

आधी लोकांसोबत फिरून, त्यांना विचारून मग आखणी करणं हे काही नवं खूळ नाही. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश नगररचनाकार 1914 साली भारतात आले, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचा आग्रह असा, की आधी निदान, मग उपचार. अख्खी आळी पाडून रुंद रस्ता काढण्यापेक्षा पडकं तेवढं काढा, विहीर आणि झाड राखा.

आपल्याकडे कोकणात पाखाड्या म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, पऱ्हे म्हणजे छोटे ओढे आणि चिऱ्याचे गडगे म्हणजे दगडी कुंपणं, यांतूनच पाण्याची वाट ठरते. कागदावर पऱ्ह्या हा नाला होतो आणि नाल्यावर स्लॅब पडतो. तिथल्या आजीला विचारलं असतं, तर तिने वेळीच अडवलं असतं. पण सभा दुपारी 12ला ठेवली की मासळीबाजारातली बाई येणार कशी? भाडेकरूला तर कोणी बोलावतच नाही.

गावाला ग्रामसभा आहे. शहरांसाठी 74व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या, पण त्यांची सक्ती 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांनाच. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी 76 हजारांच्या आसपास, चिपळूण 55 हजार. म्हणजे आपण त्यातून सुटलो. तरीही नगरसेवकाने शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी सभा बोलवायला कुठलाच कायदा आड येत नाही. विकास आराखड्यावर हरकतींची मुदत सुरू होते, त्याच्या आधी ती व्हावी. भिंतीवर प्रभागाचा मोठा नकाशा लावा आणि पेन्सिल लोकांच्या हाती द्या.