हर्णैच्या ठमीला मासे वर्ज्य

[किनारा, संध्याकाळचा लिलाव. पहिली काही सेकंदं मूळ आवाज तसाच ठेवावा.]

हर्णै बंदर, तालुका दापोली. समोर सुवर्णदुर्ग. बोटी खोल पाण्यात उभ्या राहतात, मासळी होड्यांतून काठाला येते आणि वाळूवरच ढीग लागतात. बांगडा, सुरमई, पापलेट, कोळंबी, म्हाकुल. बोली चालू असताना ढिगांच्या मधून मांजरं फिरत असतात. एखादा बांगडा पळवला तरी कुणी फार मनावर घेत नाही. मांजराला खायला काय घालायचं, हा इथे प्रश्नच नसतो.

[खानावळीचा ओटा. ठमी, जवळून.]

ही ठमी, मांजर. किनाऱ्यालगतच्या एका छोट्या खानावळीत राहते. डोळ्यांच्या वरचे आणि गालांवरचे केस गेलेत. खानावळ चालवणाऱ्या वहिनी तिच्या मानेवरून बोटं फिरवतात, तिथे केसांखाली बाजरीच्या दाण्यांएवढ्या खपल्या हाताला लागतात. मागच्या पायानं ती तीच जागा खाजवत राहते, रक्त येईपर्यंत.

शेजारपाजारचं निदान तयार होतं: मासळी उष्ण पडली. म्हणून पुण्याच्या भाच्यानं कोरड्या खाण्याचं पाकीट पाठवलं.

[पाकिटाची पुढची बाजू, मग मागची.]

पुढे चकचकीत टूना मासा. मागे, भिंग लागेल अशा अक्षरांत: कोंबडीची भुकटी, मका, मासळीची भुकटी, माशाचं तेल. म्हणजे मासळी उष्ण पडली म्हणून बंद केली आणि मासळीच विकत आणली. मग दुसरं पाकीट, तिसरं पाकीट. चित्रं बदलली, मागची यादी थोड्याफार फरकानं तीच. बाजारातली बहुतेक पाकिटं कोंबडी आणि मासळी यांच्यावरच उभी आहेत, हे दुकानात कुणी सांगत नाही.

[दापोली, दवाखान्यातलं टेबल.]

दापोलीच्या डॉक्टरांनी खाण्याचं नावही न काढता आधी बारीक दातांची फणी काढली. फणीतून पडलेली काळी कणी ओल्या कापसावर ठेवायची. कापूस लालसर झाला तर ती पिसवांची विष्ठा, कारण त्यात रक्त असतं. पिसवांमुळे येणारी खाज अगदी अशीच दिसते. इथे कापूस पांढराच राहिला. तरीही मानेवर पिसवांच्या औषधाचे थेंब पडले, म्हणजे पुढे शंका नको.

वहिनींचा प्रश्न तुमच्याही मनात असेल. जन्मापासून मासे खातेय, मग आत्ताच कशी ॲलर्जी? उत्तर सरळ आहे. जे पोटात कधी गेलंच नाही, त्याची ॲलर्जी सहसा होत नाही. रोजच्या खाण्याचीच होते, आणि ती अनेक वर्षांनी उपटू शकते. जगभरच्या नोंदींत मांजरांच्या बाबतीत गोमांस, मासे आणि कोंबडी ही नावं वर येतात.

रक्ताची किंवा केसांची तपासणी करून ॲलर्जीची यादी काढून देणारे पुष्कळ आहेत. त्या यादीवर भरवसा ठेवता येत नाही. ठणठणीत जनावराचाही अहवाल दोषी येतो. खात्रीचा रस्ता एकच, आणि तो स्वयंपाकघरातून जातो.

[बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिणारा हात.]

ठमीनं आजवर काय काय खाल्लं? मासळी सगळी. कोंबडी. अंडं. दूध. गिऱ्हाइकांनी टाकलेली पोळी. काय कधीच खाल्लं नाही? वहिनींना बराच वेळ काही सुचेना. मग म्हणाल्या, "मटण. आपल्याकडे मटणाची थाळीच नाही."

ठरलं. फक्त बोकडाचं मटण, आठ आठवडे. त्याखेरीज पाणी. निम्म्याहून जास्त मांजरांना आधीच उतार पडतो, पण आठ आठवड्यांत दहांतल्या नऊ जणांचा निकाल लागतो. मध्ये एक घास चुकीचा गेला तर सगळा हिशेब विस्कटतो.

आणि इथे हर्णैचं कॅलेंडर मदतीला आलं.

[पाऊस. आंजर्ल्याच्या खाडीत ओळीनं लावलेल्या बोटी.]

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. माशांच्या विणीचा काळ. बोटी आंजर्ल्याच्या खाडीत, वर ताडपत्र्या, खाली जाळ्यांची दुरुस्ती. किनाऱ्यावर ढीग नाहीत. मासळी कमी, पर्यटक कमी, ठमीला मोह कमी. असा मुहूर्त डॉक्टरांनाही काढून मिळाला नसता.

राहिली सुकट. जवळा, सोडे, खारवलेले बांगडे, पावसाळ्याची बेगमी. डबे माळ्यावर गेले. भिंतीवर पाटी लागली: "मांजराला काही घालू नये." पाटीखाली बसून एक पाहुणे तिला तळलेल्या बोंबलाचा तुकडा दाखवताहेत, तेही आमच्याकडे चित्रित झालंय. वहिनींचा आवाज ऐका.

[मूळ आवाज.]

मटण हाडाशिवाय, बारीक चिरून, नुसत्या पाण्यात. मीठ नाही, हळद नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, मांसातलं टॉरिन हे पोषकद्रव्य त्यात उतरतं. टॉरिनवाचून मांजराचं हृदय कमजोर होतं, दृष्टी जाते. शिवाय वरून टॉरिनची पूड. नुसतं मटण हे परीक्षेपुरतं, जन्माचं जेवण नव्हे.

पहिल्या दिवशी ठमीनं वाटीकडे पाठ केली. माणसासारखं "भूक लागली की खाईल" इथे चालत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराचं यकृत चरबीनं भरून जाऊ शकतं, लठ्ठ असेल तर जास्तच. म्हणून मटण कोमट करून, बोटानं तोंडाला लावून, थोडं थोडं.

[मटणाच्या दुकानापुढची रांग.]

आखाड. गटारीच्या आधीची गर्दी. या रांगेत वहिनी मांजरीसाठी उभ्या आहेत, आणि हे त्या कुणाला सांगत नाहीत.

[ठमीचा चेहरा, जुलैअखेर.]

डोळ्यांवर लव आली आहे. मानेवर हात फिरवा, गुळगुळीत.

इथे बहुतेक जण थांबतात. पण खाज औषधानं गेली, हवेनं गेली की खाण्यानं, हे अजून कळलेलं नाही. ते कळायला जुनं खाणं परत द्यावं लागतं.

[ऑगस्ट. बोटी निघतात. विळीवर बांगडा.]

उकडलेल्या बांगड्याचा एक तुकडा, रोज. त्रास दिसायला कधी काही तास लागतात, कधी दोन आठवडे. ठमीचा मागचा पाय चौथ्या दिवशी मानेकडे गेला. बांगडा बंद, पुन्हा मटण, पुन्हा उतार. निकाल लागला.

मटणाचा खर्च मोठा होता. मग कोंबडीची पाळी. तशीच उकडून, दोन आठवडे. काही झालं नाही.

शहरात असाल तर हाच प्रयोग पाकिटावरही करता येतो. प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेलं खाणं मिळतं की शरीराला ती ओळखूच येत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणा. महाग आहे.

[खानावळ, फोनवर वहिनी.]

सध्या ठमी उकडलेली कोंबडी खाते, वर डॉक्टरांनी मोजून दिलेली टॉरिन आणि कॅल्शियमची पूड. भाचा पुण्यात मासळी नसलेलं पाकीट शोधतोय. वहिनी त्याला फोनवरून मागची यादी वाचायला लावतात. माशाचं तेल आलं की, "ठेव परत." कोळंबीचं काय ते अजून तपासायचंय. त्याआधी अंडं.